मिरजेच्या चिंचेखालचा सूर

रमजानचा चाँद दिसला की आमच्या मोहल्ल्यातल्या आवाजांचं वेळापत्रक बदलतं. पहाटे सहरीसाठी उठवणारी हाक, दुपारी घराघरांतून येणारी तिलावतची गुणगुण, मगरिबच्या अजानआधीची ती दोन मिनिटांची शांतता, जिच्यात खजूर हातात धरून सगळं घर एका आवाजाची वाट पाहत असतं, आणि रात्री तरावीहच्या नमाजेत हाफिजसाहेबांचा लांबच लांब श्वास. या महिन्यात एक आवाज मात्र कमी होतो. गाण्यांचा. रिक्षातली गाणी थांबतात, टेलरच्या दुकानातला रेडिओ मिटतो, मुलं इअरफोन दप्तरात ठेवतात. कुणी हुकूम काढत नाही, तरी हे आपोआप होतं.

यंदा रमजानच्या पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, रोजा असताना गाणं ऐकलं तर रोजा मकरूह होतो का?" त्याच आठवड्यात, दुसऱ्या वर्गात, मी मोबाइलवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली ठुमरी ऐकवली, तेव्हा एका मुलाने प्रामाणिक कुतूहलाने विचारलं, "मॅडम, ते मुसलमान असून कृष्णाचं कसं काय गायचे?" दोन्ही मुलं सालस आहेत. एकमेकांना ओळखतही नाहीत. पण दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. सूर कानात शिरण्याआधी त्याला त्याचं नाव-गाव-धर्म विचारायला हवं, ही ती समजूत.

फतवा द्यायचा अधिकार मला नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये फार जुना मतभेद आहे, वाद्यांना तर अनेकांचा स्पष्ट विरोध आहे. ज्यांनी हा महिना फक्त तिलावत आणि इबादतीला द्यायचं ठरवलंय, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र या मतभेदाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. इमाम गजालींनी 'इह्या उलूमुद्दीन' या आपल्या थोर ग्रंथात 'समा' म्हणजे श्रवण या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिलं. ऐकावं की नाही, या प्रश्नाला त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं नाही. कोण ऐकतो, काय ऐकतो, ऐकून त्याच्या मनाचं काय होतं, हे त्यांनी तपासलं. त्यांच्याही आधी बगदादच्या हजरत जुनैद यांनी समासाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलं होतं : योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. चिश्ती सुफींनी ही शिस्त हिंदुस्थानात आणली. आणि सुंदर आवाजाचं म्हणाल, तर कुरआनचं पठण आपल्या आवाजाने सजवावं अशी शिकवण हदीसमध्येच आहे. हजरत अबू मूसा अशअरी यांचं पठण ऐकून पैगंबरसाहेबांनी त्यांच्या गळ्याची तुलना हजरत दाऊदच्या घराण्याच्या बासरीशी केली होती. आमच्या घरांत आजही गोड गळ्याला 'लहने-दाऊदी' म्हणतात.

त्या मुलीला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्या मुलाला काय सांगावं, याचा विचार करता करता लक्षात आलं की दोघांनाही एकाच माणसाची गोष्ट सांगायला हवी. ती गोष्ट आज इथे सांगते, त्या माणसाच्या माझ्या आवडीच्या चार-पाच ध्वनिमुद्रिकांच्या सोबतीने. जुन्या तबकड्या त्या. एकेक जेमतेम तीन मिनिटांची. इफ्तारनंतर गॅसवर चहा उकळेपर्यंत एक ऐकून होते.

कैरान्याहून मिरजेला

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव उत्तर प्रदेशातलं कैराना. या गावाच्या नावावरूनच 'किराणा' घराणं ओळखलं जातं. वाण्याच्या किराण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला वर्गात दरवर्षी सांगावं लागतं. घरात गाणं होतं, सारंगी होती, बीन होती. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात पोचले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकू लागल्या. शिकता शिकता जीव जडला. घरचा विरोध होणार हे उघड होतं. दोघांनी बडोदा सोडलं, मुंबई गाठली, संसार मांडला आणि पुढे मिरज हे खाँसाहेबांचं कायमचं गाव झालं.

मिरजेतच का, याची एक कहाणी तिकडे घरोघरी सांगतात. प्लेगच्या साथीचे दिवस होते. खाँसाहेब मिरजेत मुक्कामाला असताना त्यांनाच प्लेगची गाठ आली. वैद्य-डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा ते म्हणाले, मला हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन चला. तिथे पडल्या पडल्या त्यांनी गायला सुरुवात केली, आणि ते बरे झाले. कहाणीतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण त्यानंतर तो दर्गा त्यांचा झाला आणि ते दर्ग्याचे झाले, हे खरं. उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात. त्याला मैफल म्हणत नसत. हजेरी म्हणत.

या दर्ग्याचा उरूसही पाहण्यासारखा असतो. मजारीवर चढणारा मानाचा गलेफ मिरजेतल्या चर्मकार समाजाचा. ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे आणि तिथे कुणाला तिचं नवल वाटत नाही. नवल बाहेरून येणाऱ्याला वाटतं.

पहिली तबकडी : झिंझोटी

आता गाण्याकडे येते. झिंझोटी रागातली खाँसाहेबांची ठुमरी ही माझ्या आवडीची पहिली तबकडी. प्रिय माणूस जवळ नाही आणि जिवाला चैन नाही, एवढाच तिचा आशय. आवाज उंच, बारीक, थोडा अनुनासिक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा पुरुषाचा आवाज आहे का, असाही प्रश्न पडतो. तान मारून दिपवणं नाही, लयीशी झटापट नाही. एक सूर धरायचा, त्याच्या आत शिरायचं, आणि तो हळूच दुसऱ्या सुरात विरघळू द्यायचा. जुन्या तबकडीची खरखर सतत चालू असते, पण दहा सेकंदांत ती ऐकू येईनाशी होते.

या तबकडीची गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बहुतेकांना ठाऊक आहे. गदगमधला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. दुकानात लागलेली ही ठुमरी त्याच्या कानावर पडली. असं आपल्याला गाता आलं पाहिजे, या एका ध्यासाने तो घर सोडून पळाला. विनातिकीट रेल्वेने, मिळेल तिथे खात, पडेल तिथे झोपत, गुरू शोधत तो उत्तर हिंदुस्थानभर फिरला. शेवटी गुरू सापडला तो आपल्याच घराच्या जवळ, कुंदगोळला : रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. आणि सवाई गंधर्व हे कोण? अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. त्या पळालेल्या मुलाचं नाव भीमसेन जोशी.

पुढे आषाढीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्यांच्या अभंगांनी सकाळ होऊ लागली, ते पंडितजी. म्हणजे विठ्ठलाला आळवणाऱ्या त्या आवाजाची पहिली ठिणगी एका मुसलमान उस्तादाच्या ठुमरीने टाकली होती. यात मला विसंगती वाटत नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते की सुफी ज्याला 'हिज्र' म्हणतात, तो हाच विरह. प्रियकराचं नाव वेगळं, तहान तीच. दिवसभर तहान सोसून संध्याकाळच्या घोटाची वाट पाहणाऱ्या रोजेदाराला झिंझोटी कळायला जड जाऊ नये.

भैरवी, आणि त्या मुलाचा प्रश्न

दुसरी तबकडी भैरवीतली ठुमरी, वर्गात ऐकवलेली. यमुनेचा काठ, कृष्ण, गोपी असा सगळा नेहमीचा परिसर. "मुसलमान असून कसं काय गायचे?" याचं साधं उत्तर असं, की ते ज्या विद्येत वाढले तिची भाषाच ती होती. ब्रजभाषेतल्या बंदिशी हे त्या विद्येचं घर. त्या घरात उस्ताद पाहुणे नव्हते, मालकही नव्हते. ते पिढ्यानपिढ्या तिथे राहत होते. अमुक शब्द आपला आणि तमुक परका, अशी वाटणी करायला बसले असते तर त्यांच्याजवळ गाण्यासारखं काही उरलंच नसतं.

आणि त्यांनी स्वतःच्या विद्येच्या सीमेबाहेरचंही आपलं केलं. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध होता. दक्षिणेत ते वारंवार जात. कर्नाटक संगीत नुसतं ऐकून वाहवा करून ते परतले नाहीत, ते शिकले. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती त्यांनी चक्क ध्वनिमुद्रित केली. ही माझी तिसरी तबकडी. तेलुगू भाषा, रामाची स्तुती, दाक्षिणात्य राग आणि गाणारा कैरान्याचा उस्ताद. तिकडच्या जाणकाराला उच्चारात काही कमी-जास्त वाटेलही. पण साठीच्या घरातला, नावाजलेला, देशभर ज्याला मान आहे असा गवई दुसऱ्याच्या परंपरेपुढे विद्यार्थ्यासारखा बसतो, हे त्या तीन मिनिटांत स्वच्छ ऐकू येतं.

चौथी तबकडी मराठी. 'मानापमान' हे काकासाहेब खाडिलकरांचं नाटक १९११ साली रंगभूमीवर आलं. गोविंदराव टेंब्यांच्या संगीताने त्यातली पदं मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत लोकांच्या तोंडी झाली. त्यातलं चंद्रिकेचं पद खाँसाहेबांनी गायलेलं उपलब्ध आहे. नाटकातल्या नटाने म्हणावं तसं ते म्हणत नाहीत. शब्द जपून उच्चारतात, आणि मग सुराच्या मागे जातात. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती. पण पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, मुलांना ठेवून घेऊन शिकवलं, मराठी मुलांच्या गळ्यांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा, सवाई गंधर्व हे सगळे त्या मेहनतीचं फळ. कपिलेश्वरीबुवांनी तर पुढे गुरूचं भलंमोठं चरित्र मराठीत लिहिलं. शाळेचं नाव 'आर्य', चालवणारा अब्दुल करीम; त्या काळच्या पुण्याने तेही पचवलं.

नावं बदलली, गाणं नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही एक गोड, गुळगुळीत गोष्ट आहे. सभा-संमेलनांत एकात्मतेवर बोलताना सांगावी तशी. ती तशी नाही. खाँसाहेबांच्या घराने या सगळ्याची किंमत मोजली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

ताराबाई आणि खाँसाहेब यांना पाच मुलं झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. नवरा-बायकोत काय बिनसलं यावर बरंच लिहिलं गेलंय. बाहेरच्यांनी त्यावर निवाडा देऊ नये. पण वेगळं झाल्यावर मुलांची ओळख बदलली. थोरला अब्दुल रहमान 'सुरेशबाबू माने' झाला. चंपाकली 'हिराबाई' म्हणून ओळखली जाऊ लागली, पुढे 'हिराबाई बडोदेकर'. धाकटी सकीना झाली 'सरस्वती', पुढे 'सरस्वतीबाई राणे'. वडिलांचं नाव कुणाच्याच नावात उरलं नाही.

एका आईने, एकटीने, त्या काळच्या समाजात मुलांना वाढवताना हा निर्णय का घेतला असेल, हे आजही ज्यांना भाड्याने घर शोधताना आडनाव सांगावं लागतं, त्यांना समजावून सांगायला नको. आणि बापाला काय वाटलं असेल, हेही नको. आज आपण खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या ऐकतो, त्या मुख्यतः त्यांच्या उतारवयातल्या आहेत. म्हणजे घर मोडल्यानंतरच्या. त्या आवाजातलं कारुण्य तिथून आलं असं म्हणण्याचा मोह होतो. पण हा मोह आवरावा. दुःख सगळ्यांनाच होतं, त्याने सगळ्यांचा षड्ज लागत नाही. त्यामागे आयुष्यभराचा रियाज होता.

तरीही एक गोष्ट कागदावर मांडता येते. नावं बदलली, गाणं बदललं नाही. हिराबाई किराण्याचंच गाणं शिकल्या, त्याच घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. घरंदाज बाईने लोकांपुढे बसून गायचं नाही, असा दंडक होता तेव्हा त्या तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. डोक्यावरून पदर, समोर तंबोरा, चेहऱ्यावर शांतपणा. बैठकीत बाईच्या गाण्याला जी प्रतिष्ठा महाराष्ट्रात मिळाली, तिच्यात हिराबाईंचा वाटा फार मोठा आहे. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सुरेशबाबूंनी माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या घडवल्या. आणि सरस्वतीबाईंनी, म्हणजे एके काळच्या सकीनाने, १९४३ च्या 'रामराज्य' या चित्रपटात बीनेला उद्देशून असलेलं जे गाणं म्हटलं, ते त्या काळी घरोघरी वाजलं. ही माझी पाचवी तबकडी. बापाने त्यागराजांचा राम गायला, लेकीने चित्रपटातल्या 'रामराज्या'ला आवाज दिला, आणि दोघांचा सूर लावण्याचा ढंग एकच.

खाँसाहेबांच्याच नात्यातली आणि तालमीतली आणखी एक मुलगी होती, रोशन आरा बेगम. मुंबईत राहून ती त्यांच्याकडे शिकली. फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली, आणि तिथे 'मलिका-ए-मौसिकी' म्हणून गाजली. एक धागा पुण्यात, एक हुबळी-गदगकडे, एक पंजाबातल्या लालामुसा गावात. नकाशावर रेषा ओढणाऱ्यांना हे धागे दिसले नसावेत.

भोपळा भीमेचा, हात शिकलगारांचा

मिरजेत खाँसाहेब रमले याचं आणखी एक कारण दर्ग्यापासून फार लांब नाही. सतारमेकरांची दुकानं. एकोणिसाव्या शतकात मिरजेतले शिकलगार तलवारी, हत्यारं यांना धार लावायचे. इंग्रजी अमलात हत्यारांचे दिवस सरले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा शौक होता, दरबारात कलावंत येत, त्यांची वाद्यं दुरुस्त करायला कुणी नसे. फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम अंगावर घेतलं, आणि धार लावणारे हात तंबोरे-सतारी घडवू लागले. आडनावच पुढे 'सतारमेकर' झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचं श्रेय.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-बेगमपूरच्या परिसरातून, भीमेच्या काठावरून. म्हणजे वारकऱ्याच्या चंद्रभागेचं पाणी प्यायलेला भोपळा मिरजेत येतो, मुसलमान कारागीर तो सुकवतो, कापतो, त्यावर लाकडाची तबली आणि दांडी बसवतो, खुंट्या लावतो, आणि मग सगळ्यांत अवघड काम उरतं ते जवारी काढण्याचं. घोडीवर तारा जिथे टेकतात, तो पृष्ठभाग केसाइतका घासत घासत असा करायचा की तारेतून नुसता टणत्कार न येता गुंजन यावं. मग तारेखाली सुताचा एक बारीकसा दोरा सरकवायचा, पुढे-मागे, पुढे-मागे, जोवर तार बोलत नाही तोवर. हे काम यंत्राने होत नाही. कानानेच होतं.

खाँसाहेब स्वतः यात वाकबगार होते. वाद्याची मोडतोड स्वतः दुरुस्त करायचे. तंबोरा मनासारखा जुळल्याशिवाय ते गायला तोंड उघडत नसत. त्यांच्या तंबोऱ्यांची जुळणी ऐकणं हीच एक मैफल असायची, असं जुने लोक सांगत. किती बारीक अंतरावर सूर बदलतो, याचे प्रयोग कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स या दोघांनी केले, तेव्हा त्या श्रुती प्रत्यक्ष गळ्यातून दाखवायला त्यांना खाँसाहेबांचाच गळा उपयोगी पडला.

मला वाटतं, त्या दोन्ही मुलांच्या प्रश्नाचं उत्तर या जुळणीत आहे. आमच्याकडे नमाजेआधी वुजू करतात. हात, तोंड, पाय नुसते ओले करून भागत नाही. कोपर कोरडा राहिला तर पुन्हा करावा लागतो. सफ सरळ हवी, म्हणून इमाम मागे वळून पाहतो. तंबोरा जुळवणारा माणूस तेच करत असतो. थोडासा चढलेला पंचम कुणाच्या लक्षात येणार आहे, असं तो म्हणत नाही. ज्याला स्वतःचा एवढा बारीक हिशेब मागायची सवय लागते, तो दुसऱ्याला त्याचा धर्म विचारत बसत नाही. त्याला तेवढी फुरसतच नसते.

रोजाही शेवटी असाच असतो. दार बंद करून घोटभर पाणी प्यायलं तर कुणाला कळणार नसतं. तरी माणूस पीत नाही. सुराशी आणि रोजाशी खोटं बोलता येतं, पण ते स्वतःपासून लपत नाही.

जी तबकडी निघालीच नाही

शेवटचं गाणं मी ऐकलेलं नाही. कुणालाच ऐकता येणार नाही.

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासेकडे दौऱ्यावर होते. तिथून ते रेल्वेने पाँडिचेरीला निघाले. शाबान महिना उतरणीला लागला होता; रमजान जेमतेम आठ-दहा दिवसांवर. प्रवासात छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. शिष्य सोबत होते. फलाटावर बिछाना अंथरला. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला. नमाज पढली. मग दरबारी रागात, अगदी हलक्या आवाजात, अल्लाचं नाव घेत ते गाऊ लागले. गाता गाता आवाज थांबला. तारीख २७ ऑक्टोबर. पंधरा दिवसांनी त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण झाली असती.

नृसिंहाच्या मंदिरावरून नाव पडलेल्या तामिळ गावाच्या स्टेशनवर, कैरान्याच्या त्या मुसलमान गवयाने कान्हड्याचा सूर धरून कलमा आळवला आणि डोळे मिटले. ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, त्यांना नमाज आणि गाणं यांतलं एक निवडावं नाही लागलं." मी म्हटलं, तू रोजे मन लावून कर. गाणं ऐकायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त जे ऐकशील ते नीट ऐक. कानात कोंबून, दुसरं काहीतरी करत, अर्धवट ऐकू नकोस. वेळ, जागा आणि सोबत पाहून ऐक.

खाँसाहेबांना मिरजेला आणलं गेलं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा भरते, चिंचेच्या झाडाखाली. हिराबाई तिथे गाऊन गेल्या, गंगूबाई हनगल गाऊन गेल्या, भीमसेनजी गाऊन गेले. आता त्यांच्या शिष्यांचे शिष्य येतात. आलेला कलावंत आधी मजारीपुढे मान लववतो, मग बैठकीवर येऊन तंबोऱ्याची गवसणी काढतो. समोर सतरंजीवर कोण कोण बसलंय, त्यात टोपी किती आणि टिळे किती, हे मोजायची पद्धत तिथे नाही. कारागीर मात्र हमखास असतात, सतारमेकरांच्या गल्लीतले. ते गायकाकडे पाहत नाहीत. खाली मान घालून, डोळे मिटून, आपण काढलेली जवारी बोलते का, तेवढंच ऐकत असतात.